ढवळलेलं लोखंड

पलसाण्याच्या त्या आवारात मी जवळजवळ दोन वर्षं जात होते, आणि एकाही सकाळी ताजीतवानी होऊन पोचल्याचं मला आठवत नाही. कोसाडहून स्कूटर काढायची, अख्खं सुरत ओलांडायचं आणि हायवेवर ट्रकांच्या मागे नाकातोंडाला ओढणी बांधून जात राहायचं. पोचल्यावर पहिलं काम ठरलेलं होतं. जमिनीत खोल उतरवलेल्या एका नळीतून खालचं पाणी वर ओढायचं आणि काचेच्या बाटलीत भरायचं. बाटली उजेडात धरली की पाणी पिवळं. कालही पिवळं, परवाही पिवळं. वहीत तसं लिहायचं आणि टपरीवरचा चहा प्यायचा.

आवार एका बंद पडलेल्या डाईंग मिलचं होतं. तिथे साड्यांचं कापड रंगायचं. उरलंसुरलं रंगाचं पाणी वर्षानुवर्षं मागच्या खड्ड्यात सोडलं गेलं आणि तिथून जमिनीत मुरलं. नुसता रंग मुरला असता तर एक वेळ सोडून दिलं असतं, पण त्याबरोबर विषारी क्रोमियमही मुरलं. ते जमिनीखालच्या पाण्यातून सरकत सरकत भिंतीपलीकडच्या खोल्यांपर्यंत गेलं. तिथल्या हातपंपाला साखळी घालून कुलूप लावलं होतं. मिलच्या मालकाला जागा विकायची होती आणि घेणारा अडून बसला होता की आधी जमीन साफ करून द्या. म्हणून आमची पाणी-माती तपासणारी छोटी कंपनी तिथे आली. मी तिथली केमिस्ट, म्हणजे बाटल्या धुण्यापासून अहवाल लिहिण्यापर्यंत जे पडेल ते करणारी.

आमचं औषध लोखंड होतं. साधं लोखंड, फक्त इतकं बारीक की एकेक कण सूक्ष्मदर्शकालाही धड सापडत नाही. नॅनो म्हणतात ते हे. पाण्यात कालवलेलं असलं की दाट काळ्या शाईसारखं दिसतं. लोखंडाला गंजायची घाई असते, आणि कण जितका बारीक तितकी घाई जास्त. जमिनीत खोल, जिथे हवा नाही तिथे ते सोडलं की गंजण्यासाठी जे हवं ते आजूबाजूच्या विषाकडून ओढून घेतं. रंग तुटतो. पाण्याबरोबर पळणारं क्रोमियम पळायचं थांबतं आणि मातीला धरून बसतं. एवढंच शास्त्र. पण त्याआधी त्याला हवा लागली तर ते हवेशीच गंजून मोकळं होतं, आणि मग जमिनीत नुसता चिखल ओतल्यासारखं होतं. म्हणून ते बंद पिंपात, वर नायट्रोजन भरून येतं.

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते त्याच मिलमध्ये तीस वर्षं कलर किचनला होते. नाव किचन असलं तरी तिथे शिजायचा फक्त रंग. कुठला रंग किती, कशात कालवायचा, किती ढवळायचा हे सगळं आबांच्या हातात. डाईंग मास्तर शेडचा, म्हणजे हव्या त्या छटेच्या कापडाचा, तुकडा आणून द्यायचा आणि आबा तो पांढऱ्या कापडावर ठेवून, खिडकीच्या उजेडात डोळे बारीक करून बघायचे. लहानपणी लिंबायतच्या खोलीत ते घरी आले की त्यांच्या नखांवरून आम्हा भावंडांना कळायचं, आज मरून होता की मोरपंखी. ते नखांतले रंग कधी पूर्ण गेलेच नाहीत.

मिल बंद झाल्यावर आबा कोसाडच्या माझ्या घरात बसून राहिले. बसून राहणं त्यांना जमत नाही. भांडी घासायला घ्यायचे, गादी उन्हात टाकायचे, माझी मुलं गुजरातीत टीव्ही बघायची तर त्यातल्या साड्यांचे रंग चुकलेत म्हणून भांडायचे. मला त्या मिलचंच काम आलंय असं सांगितलं तेव्हा ते जेवायचे थांबले.

"जमीनमा गयं ते परत निंघस का?" त्यांनी विचारलं. घरी आबा अहिराणीच बोलतात. आम्ही कितीही शिकलो तरी त्यांनी भाषा सोडली नाही.

मी म्हटलं, निघत नाही, पण बसवता येतं, निवळवता येतं. पाणी पुन्हा बिनरंगाचं होऊ शकतं.

ते म्हणाले, रंगाची पिंपं धुऊन खड्ड्यात ओतायचं काम त्यांचंच होतं. मालक सांगायचा, मास्तर सांगायचा, पण बादली आबांच्या हातात असायची. भिंतीपलीकडच्या खोल्यांत त्यांच्याबरोबरची माणसं राहायची, त्यांच्या बायका त्या हातपंपावर यायच्या. "ते पानी साफ व्हयेल माले देखनं शे," ते म्हणाले. "बस, मंग काही नको."

मी आमच्या कंपनीच्या साहेबांकडे शब्द टाकला आणि आबांना आवारात वॉचमन म्हणून घेतलं. उपकार म्हणून नाही. जुना खड्डा कुठे होता, गटार कुठून कुठे गेलं होतं, हे नकाशात नव्हतं, फक्त आबांना ठाऊक होतं. त्यांनी काठीनं जमिनीवर रेघ ओढून दाखवली, तिथेच आम्ही नळ्या उतरवल्या आणि तिथेच सगळ्यात पिवळं पाणी लागलं. साहेब खूश झाले. आबा फाटकाजवळच्या केबिनमध्ये राहू लागले आणि रविवारी घरी येऊ लागले.

लोखंडाचा पहिला माल आला तो त्याच दिवशी जमिनीत गेला. काही आठवड्यांनी बाटली उजेडात धरली तर पिवळा उतरलेला दिसला. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच राग आला, कारण हातात बाटली होती आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. आबा शेजारी उभे होते. बाटली घेऊन त्यांनी आपल्या धोतराच्या सोग्यासमोर धरली आणि म्हणाले, निम्मा शेड उतरला.

दुसऱ्या मालानं घात केला. पिंपं आली आणि नेमका जमिनीत ढकलणारा पंप बिघडला. पार्ट यायला तीन आठवडे लागले. तोवर पिंपं केबिनशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. मी आबांना सांगितलं, "कुणालाही उघडू देऊ नका." कारण सांगितलं नाही. मला घाई होती, ऊन होतं, पाठ दुखत होती, आणि वडिलांना कारणं समजावत बसण्याइतका दम उरला नव्हता. दुसरी चूक मी आधीच करून ठेवली होती. एका रविवारी घरी मी वैतागून बोलले होते की या लोखंडाची सगळ्यात मोठी कटकट म्हणजे ते गोळा होऊन तळाला बसतं, आणि बसलं की वाया जातं. मला वाटलं, मी भिंतीशी बोलतेय.

पंप आला, माल जमिनीत गेला. पिंपाच्या काठाला मला थोडं तपकिरी दिसलं होतं. असा माल वापरायच्या आधी कपभर काढून त्यात थोडं ॲसिड टाकायचं असतं. भराभर बुडबुडे आले तर लोखंड जिवंत. त्या दिवशी मी ते केलं नाही. शेडमधल्या उजेडामुळे तसं दिसत असेल म्हटलं आणि सोडून दिलं. माणूस दमला की कामातला नेमका तोच भाग सोडतो जो करायलाच हवा.

मग बाटल्या सुरू झाल्या. पिवळं. परत पिवळं. आठवड्यामागून आठवडे तेच. पहिल्या वेळी उतरलेला रंगही हळूहळू परत चढला. मी रसायन पाठवणाऱ्याला फोन करून भांडले. नळ्या तपासल्या. रात्री डोळ्यांसमोर पिवळंच यायचं. साहेब एक दिवस आले, वही चाळली आणि म्हणाले, "बेन, आ जमीनमां कांई थवानुं नथी. रिपोर्ट बंद करी नाखो." या जमिनीत काही होणार नाही, अहवाल बंद करून टाका. मग मालक वरून सिमेंट ओतून घेईल, म्हणजे वरून दिसायचा प्रश्न मिटेल. खालून जे सरकतंय ते सरकत राहील. साहेब म्हणाले, शेवटचं एक सॅम्पल घ्या आणि संपवा.

ते शेवटचं सॅम्पल घ्यायला मी नेहमीपेक्षा दोन तास आधी पोचले. फाटक उघडं होतं, केबिनमध्ये कोणी नव्हतं. शेडमधून लाकूड प्लास्टिकला घासल्याचा आवाज येत होता. एक पिंप शिल्लक राहिलं होतं, ते उघडून आबा बांबूनं ढवळत होते. डोक्याला उपरणं, अंगात धुतलेली बंडी. तळापासून वर, तळापासून वर, अजिबात घाई नाही. कलर किचनमध्ये ते असेच उभे राहत असणार. झाकण त्यांनी धुऊन बाजूला पालथं घातलं होतं.

"आबा, काय करताय?"

"पाळी सुरू व्हयनी ना," ते म्हणाले. "ढवयी ऱ्हायनू."

"रोज ढवळता?"

"रोज सकाय, रोज संध्याकाय. पहिला दिनपासून. तूच सांगेल व्हतं ना, खाले बसनं की वाया गयं." त्यांनी बांबू वर काढून दाखवला. "देख, एक कण बी बसू दिधा नही."

मग मला सगळं कळलं. कलर किचनमध्ये नियम होता की पिंपाला कलरवाल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, आणि कलरवाल्यानं पाळी सुरू होताच प्रत्येक पिंप तळापासून ढवळायचं. नाहीतर रंग खाली बसतो आणि कापडावर डाग येतात. मी "कुणालाही उघडू देऊ नका" म्हटलं तेव्हा आबांनी ऐकलं ते एवढंच की पिंपं तुमच्या ताब्यात. तीस वर्षांत त्यांच्या ताब्यातल्या पिंपाचं झाकण उघडायला त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. तीन आठवडे, दिवसातून दोनदा, त्यांनी मायेनं त्या लोखंडाला हवा दिली होती.

मी कपभर माल घेतला आणि कोपऱ्यात जाऊन ॲसिड टाकलं. दोन-तीन बुडबुडे आले आणि थांबले. काळ्याचा तपकिरी चिखल झाला होता.

"कसं शे?" आबांनी विचारलं.

"बरं आहे," मी म्हणाले.

त्यांनी झाकण पुसून नीट लावलं. मी बाहेर येऊन स्कूटरवर बसले. खरं लिहिलं तर पहिला प्रश्न येणार, पिंपं उघडली कुणी? वॉचमननं. वॉचमनला ठेवलं कुणी? मी. आबा पुन्हा घरात बसणार, आणि या वेळी नुसते नाही, आपण काय केलं ते उराशी घेऊन. खोटं लिहिलं तर कुणालाच काही होणार नाही. जमिनीला दोष द्यायचा, जमीन काही बोलत नाही. मी अहवालात लिहिलं की या जागी पद्धतीचा अपेक्षित परिणाम आढळला नाही. एक वाक्य. ते लिहून मला बरं वाटलं नाही, पण हलकं वाटलं. त्या दिवसांत मी हलक्यावरही समाधान मानत होते.

रविवारी आबा घरी आले. मी वरण-बट्टी केली होती. पहिली बट्टी कुस्करता कुस्करता त्यांनी विचारलं, अहवालाचं काय झालं?

"बंद केला. लोखंड चाललं नाही त्या जमिनीत."

आबांचा हात ताटात तसाच थांबला. "पहिलांदा तं उतरेल व्हतं ना?"

"परत चढलं. जमीनच तशी आहे म्हणतात."

ते पुढे जेवलेच नाहीत. हात धुतले, गॅलरीत जाऊन बसले. मी ताट घेऊन गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "जमीन तशी नव्हती. मी करी तशी. इतलं ओतेल शे मी की आते लोखंडले बी आयकत नही." मग ते त्या खोल्यांतल्या एकेका बाईबद्दल बोलू लागले. कुणाच्या अंगावर चट्टे उठले होते, कुणाला पोटाचं काय झालं होतं. त्यातलं किती त्या पाण्यामुळे ते मलाही ठाऊक नाही, कुणालाच ठाऊक नाही. पण आबांनी सगळं स्वतःच्या नावावर घेतलं. नखं बघत बोलत होते.

मी ज्याला वाचवायला खोटं लिहिलं होतं तो माणूस माझ्यासमोर त्या खोट्याखाली दबून चालला होता, आणि मला दया यायच्या आधी संताप आला. माझा स्वभाव असाच आहे, दमलेली असले की आणखी वाईट. मी ओरडलेच, "जमीन नाही हो, आबा! तुम्ही! तुम्ही पिंपं उघडलीत! त्याला हवा लागू द्यायची नव्हती. तुम्ही रोज ढवळून ढवळून ते मारून टाकलंत!"

मुलं आतून बाहेर येऊन उभी राहिली. मला तोंड लपवावंसं वाटलं. मग सावकाश, जे त्या दिवशी शेडमध्ये सांगायला हवं होतं ते मी सांगितलं. लोखंड हवेनं कसं गंजतं. बुडबुड्यांची तपासणी मी कशी केली नाही. रंगाच्या कामात खाली बसणं सगळ्यात वाईट, पण इथे हवा लागणं त्याहून वाईट; बसलेलं लोखंड नंतर ढवळता येतं, गंजलेलं परत येत नाही. आबा एकेक शब्द ऐकत होते. मला वाटलं, आता कोसळतील.

"म्हंजे लोखंड खरं शे?" त्यांनी विचारलं.

"खरं आहे."

"पानी साफ व्हई शकस?"

"होऊ शकतं. नवा माल लागेल."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. मला ते बघवेना. आपल्यामुळे सगळं बिघडलं हे ऐकून कुणाला इतकं बरं वाटलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "आते तू काय लिखेल शे?"

मी सांगितलं.

"पोरी," ते म्हणाले, "तू खोटा शेड पास करा."

खोटा शेड पास केला, कलर किचनमध्ये याहून मोठी शिवी नव्हती. चुकीचा रंग झाला तर पुन्हा करता येतो. चुकीचा रंग बरोबर म्हणून पुढे सोडला की हजारो मीटर कापड वाया जातं, आणि आबांनी तीस वर्षांत तसं एकदाही केलं नव्हतं. मी म्हटलं, तुमची नोकरी जाईल. ते म्हणाले, "जाऊ दे. तू लिख."

सोमवारी ते माझ्या स्कूटरवर मागे बसून सरळ ऑफिसात आले. मी तोंड उघडायच्या आधी त्यांनी साहेबांपुढे आपल्या मोडक्या गुजरातीत सगळं सांगून टाकलं. मी दुसरा अहवाल पुढे ठेवला, त्यात तपासणी चुकवणारी म्हणून माझं नावही होतं. साहेब आबांवर फारसे चिडले नाहीत. माझ्यावर मात्र सगळ्यांदेखत असे ओरडले की बाहेरच्या टेबलावरचा टायपिस्ट खुर्ची घेऊन लांब सरकला. नवा माल मागवायला ते शेवटी तयार झाले, पण आबांना त्याच दिवशी काढलं. त्यांनी केबिनची किल्ली आणि शिट्टी टेबलावर ठेवली आणि जाताना मला एवढंच विचारलं की नव्या वॉचमनला कारण समजावून सांगशील ना. मी सांगितलं. मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत, तीनदा सांगितलं.

तिसरा माल यायला पावसाळा निघून गेला. आबा रोज संध्याकाळी दारातच विचारायचे, "उघाडं नही ना कोन्ही?" मी म्हणायचे, नाही. कधी कधी उत्तर द्यायचाही कंटाळा यायचा, तेव्हा नुसती मान हलवायचे. माल जमिनीत गेला, त्याआधी कपात बुडबुडे भराभर आले. मग पुन्हा बाटल्या, पुन्हा वही. पिवळा उतरत गेला आणि या वेळी परत चढला नाही.

एका शनिवारी मी त्या नळीतल्या पाण्याची एक छोटी बाटली घरी आणली. असं करायचं नसतं, पण आणली. आबांच्या हातात देण्याआधी सगळं खरं सांगितलं. हे पाणी प्यायचं नाही. रंग तुटला की त्याचे तुकडे उरतात, ते दिसत नाहीत, त्यांची तपासणी अजून चालू आहे. हातपंपाची साखळी तशीच राहणार, कदाचित वर्षानुवर्षं. आबा हं हं करत होते. त्यांनी माझ्या आईची जुनी पांढरी साडी काढून खिडकीत धरायला माझ्या मुलीला सांगितलं आणि बाटली साडीसमोर धरून डोळे बारीक केले. बराच वेळ बघत राहिले; पिवळ्याचा मागमूस नव्हता.

शेड नीट बघायचा तर बाटली आधी हलवायची असते. त्यांचा हात सवयीनं वर आला आणि थांबला. मग त्यांनी बाटली दोन्ही हातांत धरली, अंगठा झाकणावर ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "उघाडू का?"

"उघडा, आबा," मी म्हणाले.

त्यांनी उघडली नाही. अंगठा काढून घेतला, बाटली माझ्या हातात दिली आणि मुलीला म्हणाले, साडी घडी करून ठेव.